सहीची किंमत : चिंतामणराव देशमुख

नाशिकरोडच्या छापखान्याचे नाव निघाले की आपणां नाशिककरांना नोटा आठवतात. पण त्या नोटांवर सही कोणाची असते, हे आपण सहसा पाहत नाही. १९२८ साली या छापखान्यातून पहिल्या पाच रुपयांच्या नोटा बाहेर पडल्या. त्याआधी हिंदुस्थानच्या नोटा विलायतेत छापल्या जात. छपाई नाशिकला आली, तरी सही पुढे पंधरा वर्षे साहेबाचीच राहिली. ऑगस्ट १९४३ मध्ये चिंतामण द्वारकानाथ देशमुख रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, आणि बँकेच्या नोटेवर पहिली हिंदी सही उमटली. रायगडाजवळच्या एका खेड्यात जन्मलेल्या मराठी माणसाने दिलेले वचन नाशिकात छापले जाऊन पेशावरपासून मद्रासपर्यंत चालू लागले.

नोट म्हणजे काय? कागदाचा तुकडा आणि त्याखाली दिलेला शब्द. देशमुखांच्या आयुष्यात पुढे जे जे घडले, ते या शब्दाच्या जबाबदारीतून पाहिले म्हणजे नीट उलगडते, असे आम्हांस वाटते.

त्यांच्या पूर्वायुष्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो भाग पुष्कळांनी ऐकलेला आहे. १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळ नाते येथे जन्म. बालपण रोह्यास, वडील वकील. १९१२ च्या मॅट्रिकला ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळवली. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकले, आणि १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेत पहिला क्रमांक पटकावून मध्यप्रांत-वऱ्हाडात नोकरीस लागले. १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले, तेव्हा त्यांच्या गाठी मुलकी कारभार होता, पेढीवरचा अनुभव नव्हता. चार वर्षांत ते बँकेच्या सर्वोच्च खुर्चीवर बसले.

पण खुर्ची मिळाली ती कोणत्या वेळी! महायुद्ध ऐन भरात होते आणि बंगालात माणसे रस्त्यावर मरून पडत होती. इंग्रज सरकार युद्धासाठी हिंदुस्थानात धान्य, कापड, सामान खरेदी करी. त्याचे पैसे लंडनमध्ये आपल्या नावे पौंडांत जमा होत, आणि त्या जमेच्या आधारावर रिझर्व्ह बँक येथे रुपयांच्या नोटा काढी. म्हणजे माल येथून जाई, नोटा येथे वाढत, आणि मोबदला लंडनच्या वहीत राही. १९३९ साली सुमारे १८० कोटींच्या नोटा चलनात होत्या. युद्ध संपताना हा आकडा ११०० कोटींच्या पुढे गेला होता. भाव भडकले, ते गरिबाच्या ताटातून वसूल झाले. आम्ही देशमुखांचे चाहते असलो, तरी त्या नोटांवर त्यांची सही होती हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. गव्हर्नर झाला तरी तो परक्या सरकारच्या चौकटीतला. ते यंत्र थांबवणे त्याच्या हाती नव्हते. ही सबब खरी आहे, पण ती पुरेशी आहे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

एवढे मात्र निश्चित की लंडनच्या वहीतील ती जमा बुडू नये, यासाठी त्यांनी जिवाचे रान केले. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटनवुड्स येथे ४४ राष्ट्रांची परिषद भरली, आणि तेथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक यांचा पाया घातला गेला. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळाचे प्रमुख सर जेरेमी रेझमन हे इंग्रज होते; पण देशमुख, षण्मुखम् चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ ही मंडळी होयबा म्हणून गेली नव्हती. बँकेत लाखो जमा असूनही ज्याच्या खिशात गाडीभाड्यापुरते पैसे नाहीत अशा माणसासारखी आमची अवस्था आहे, अशा आशयाचे श्रॉफ तेथे बोलले. पौंडांच्या जमेचा प्रश्न नाणेनिधीच्या कक्षेत घ्यावा, ही हिंदुस्थानची मागणी इंग्लंडने मान्य होऊ दिली नाही. युद्धानंतर ही जमा सुमारे १३० कोटी पौंडांच्या घरात होती, आणि तिची सोडवणूक पुढे वाटाघाटींनी हप्त्याहप्त्याने करून घ्यावी लागली. सावकार स्वतःचे पैसे मागायला ऋणकोच्या दारी उभा, असा हा उलटा व्यवहार होता. देशमुखांची मुत्सद्देगिरी या दारात घडली. ती मेजवान्यांची नसून हिशेबाची होती.

फाळणी झाली तेव्हा त्यांच्या सहीवर आणखी एक चमत्कारिक प्रसंग आला. पाकिस्तानाजवळ अद्याप मध्यवर्ती बँक नव्हती, म्हणून ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँकच दोन्ही राष्ट्रांचे चलन सांभाळत होती. एप्रिल १९४८ पासून पाकिस्तानात ज्या नोटा चालल्या, त्या आपल्या नाशिकातच छापलेल्या होत्या. त्यांवर इंग्रजीत व उर्दूत पाकिस्तान सरकारचे नाव होते, आणि खाली सही सी. डी. देशमुख! काश्मीरात दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी असताना, कराचीच्या बाजारात नात्याच्या देशमुखांच्या शब्दावर माल मिळत होता.

जानेवारी १९४९ मध्ये रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली, आणि जूनअखेर देशमुख पायउतार झाले. नेहरूंनी त्यांना अमेरिका व युरोप येथे राजदूताच्या दर्जाचे खास आर्थिक प्रतिनिधी म्हणून पाठवले. गव्हासाठी कर्ज मिळवण्याची पहिली बोलणी त्यांनीच केली. मग १९५० मध्ये नियोजन मंडळ, आणि १ जूनला अर्थमंत्रिपद. १९५२ साली ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले. १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतला, ही कामे त्यांच्याच कारकीर्दीतली.

त्याच जानेवारीत मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर झाला. मुंबईत गोळीबार झाले, माणसे पडली. देशमुखांनी तेव्हाच राजीनामा देऊ केला होता, पण अंदाजपत्रकाचे काम अर्धवट टाकणे त्यांना रुचेना. जूनमध्ये नेहरूंनी मुंबईच्या सभेत तोच निर्णय पुन्हा सांगितला, तेव्हा मात्र ते थांबले नाहीत. २५ जुलै १९५६ रोजी लोकसभेत त्यांनी जे निवेदन केले, त्याचा रोख लोक समजतात तसा केवळ मुंबईपुरता नव्हता. मंत्रिमंडळापुढे रीतसर न येताच एवढा मोठा निर्णय जाहीर होतो, गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली जाते, आणि मंत्र्याने मात्र त्याची जबाबदारी उचलायची, हे त्यांना मान्य नव्हते. धोरण सांगण्याचा पंतप्रधानाला अधिकार आहे, असे नेहरूंचे उत्तर होते. न पाहिलेल्या दस्तावर सही करायची नाही, हा बँकेतला पहिला धडा. दिल्लीत तो त्यांना महाग पडला, पण त्यांनी तो सोडला नाही.

यशवंतराव चव्हाणांनी त्या काळात नेहरूंची साथ धरली, आणि १९६० मध्ये मुंबईसह महाराष्ट्र आणण्याचे श्रेय पुढे त्यांच्या पदरी पडले. १९६३ मध्ये तर आपल्या नाशिकने त्यांना बिनविरोध लोकसभेत धाडले. राहणाऱ्याने अधिक मिळवले की जाणाऱ्याने, हा वाद आमच्या गावच्या कट्ट्यांवर पुष्कळ रंगलेला आहे. आमच्या मते, देशमुखांच्या राजीनाम्याने दिल्लीत मराठी माणसाची बाजू ऐकली जाऊ लागली, आणि पुढच्यांची वाट थोडी सोपी झाली.

देशमुख पुन्हा मंत्री झाले नाहीत. विद्यापीठ अनुदान मंडळ, दिल्लीचे कुलगुरुपद, इंडिया इंटरनॅशनल सेंटर यांत ते रमले. १९५३ मध्ये त्यांनी दुर्गाबाईंशी विवाह केला होता. त्या स्वतः घटनासमितीच्या सदस्य आणि मोठ्या कार्यकर्त्या. १९६९ मध्ये स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी देशमुखांना राष्ट्रपतिपदासाठी उभे केले, तेव्हा ते तिसरे आले. निवडणूक हा त्यांचा प्रांत नव्हेच. कालिदासाचे मेघदूत मराठीत आणावे, संस्कृतात श्लोक रचावेत, बागेतल्या झाडांची शास्त्रीय नावे घ्यावीत, ही त्यांची खरी विश्रांती. मे १९८१ मध्ये दुर्गाबाई गेल्या, आणि २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे चिंतामणराव गेले.