परसबागेसाठी शेणखत : जेऊर परिसरात कुठून आणायचं, किती कुजवायचं, कधी टाकायचं

जेऊर (ता. करमाळा) : शाळेची परसबाग असो, बचत गटातल्या महिलांनी मिळून केलेला भाजीपाला असो की ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेतली वाफ्यांची बाग, जून उजाडला की सगळ्यांची धावपळ एकाच गोष्टीसाठी सुरू होते. शेणखत पाहिजे. मग कुणीतरी गोठ्यामागचा ढीग ट्रॉलीत भरून आणतो, तो तसाच वाफ्यात पसरला जातो आणि पंधरा दिवसांत मेथी पिवळी पडते, वांग्याची रोपं माना टाकतात. दोष बियाण्याला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा कच्चं खत असतं.

खत मिळवणंही आता सोपं राहिलेलं नाही. उजनीच्या फुगवट्यामुळे जेऊर, वांगी, चिखलठाण, कंदर या पट्ट्यात ऊस आणि केळी वाढली. लागवडीआधी मोठे बागायतदार खत ट्रॉल्यांनी उचलतात. दुसरीकडे ट्रॅक्टर आल्यामुळे बैल कमी झाले. त्यामुळे पाच-दहा गुंठ्यांच्या बागेसाठी ऐन जूनमध्ये विचारायला गेलं तर उकिरडे रिकामेच सापडतात. विचारायची वेळ फेब्रुवारी-मार्चची.

कुणाकडून घ्यायचं?

गाई-म्हशींचं शेण सगळ्यात सरळ. मोठं जनावर दिवसाला दहा-पंधरा किलो शेण सहज देतं, संकरित गाय त्याहून जास्त. पण ताज्या शेणात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, म्हणून कुजल्यावर ढीग निम्म्याहून खाली बसतो. आणलेलं एवढं सगळं गेलं कुठे, असं तेव्हा वाटून घेऊ नये.

शेळ्या-मेंढ्यांची लेंडी त्यापेक्षा दमदार. चांगल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का असतं, लेंडीखतात तीन टक्क्यांपर्यंत जातं. मात्र वाळलेली लेंडी गोळीसारखी कडक राहते आणि वाफ्यात महिनोन्महिने तशीच सापडते. ती फोडून, भिजवून ढिगात घालावी. इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. गावात शेळ्या बहुतेक ज्यांना शेती नाही किंवा अगदी थोडी आहे, अशांच्याच दारात असतात. लेंडी हा त्यांचा विकायचा माल आहे. बाग गावाची आहे म्हणून ती फुकट मागणं बरोबर नाही. पाटीमागे ठरलेले पैसे द्यावेत, निदान भाजीत वाटा तरी.

रब्बीची ज्वारी निघाल्यावर मेंढपाळांचे वाडे रानात बसतात. बागेची जागा मोकळी असेल तर कुंपण घालण्याआधी दोन-तीन रात्री मेंढ्या बसवून घ्याव्यात. लेंडी आणि मूत दोन्ही जागेवरच पडतं, वाहतुकीचा खर्च नाही. मोबदला रात्रीवर आणि मेंढ्यांच्या संख्येवर ठरतो, तो आधीच बोलून घ्यावा. मेंढ्या उठल्या की लगेच हलकी पाळी द्यायची. उघड्यावर राहिलं तर उन्हात नत्र उडून जातं.

कोंबडीखत तीव्र असतं. ताजं टाकलं की मुळं करपलीच. ते एकटं न वापरता शेणात चौथा हिस्सा मिसळून कुजवावं.

शेण कमीच मिळालं तर नाडेप टाकं हा उत्तम उपाय. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवतांव पांढरीपांडे यांनी ही पद्धत बसवली. त्यांच्या नावावरूनच ‘नाडेप’. विटांचं, भोकं ठेवलेलं दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच टाकं. त्यात साधारण 100 किलो शेण, 1400-1500 किलो काडीकचरा आणि जवळपास तेवढीच किंवा थोडी जास्त चाळलेली माती थरांनी भरायची. तीन-चार महिन्यांत अडीच-तीन टन खत होतं. भाजीपाल्याला एकरी आठ-दहा टन, म्हणजे गुंठ्याला 200 ते 250 किलो खत धरतात. त्या हिशेबानं दहा गुंठ्यांची बाग एका टाक्यात भागते. उसाचं पाचट, ज्वारीचा धसकट-कडबा, केळीची पानं यांना या भागात तोटा नाही.

ढीग कसा लावायचा

साधा ढीग लावायचा तर सावलीत, विहीर-बोअरपासून लांब. उंची तीन-साडेतीन फूट, रुंदी पाच फूट. शेण आणि कोरडा पाला आलटून पालटून. मूठभर उचलून दाबलं तर हात ओला व्हावा, पण पाणी ठिबकू नये. करमाळ्याच्या उन्हात ढीग वाळून जातो आणि वाळलेला ढीग कुजत नाही, नुसता पडून राहतो. म्हणून पाचटानं झाकावा आणि आठवड्याला पाणी शिंपडावं. आतून तो चांगला तापला पाहिजे. 55 अंशांच्या वर काही दिवस राहिला तर रोगजंतू आणि तणाचं बी बऱ्यापैकी मरतं. बाहेरची बाजू तापत नाही, म्हणून पंधरा-वीस दिवसांनी आतलं बाहेर, बाहेरचं आत असा पालटावा. हे न केल्यामुळेच बागेत गाजर गवत येतं.

चाळताना पांढऱ्या अळ्या दिसतात. प्रत्येक अळी हुमणी नसते. सपाट जागी सोडल्यावर उताणी होऊन पाठीवर सरपटली तर ती दुसऱ्या भुंग्याची, कुजका पाला खाणारी. तरी खात्री नसेल तर वेचून कोंबड्यांना टाकलेली बरी, कारण हुमणी वाफ्यात गेली की रोपांची मुळंच खाते.

खत तयार झालं का, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. रंग काळपट, वास पावसाच्या मातीचा, हाताला गरम नाही. शंका असेल तर खत आणि माती निम्मी-निम्मी मिसळून कुंडीत मेथी पेरावी. आठवड्याभरात बरोबरीनं उगवली तर टाकायला हरकत नाही.

मुलांच्या ताटात जाणारी भाजी

शाळेच्या बागेत कोथिंबीर, मुळा, काकडी कच्ची खाल्ली जाते. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमात कच्चं खत टाकल्यापासून मातीला टेकणाऱ्या भाजीच्या काढणीपर्यंत 120 दिवस आणि न टेकणाऱ्या भाजीला 90 दिवस ठेवावे लागतात. मेंढ्या बसवलेल्या जागेलाही हेच माप लावावं : एप्रिलच्या सुरुवातीला वाडा बसला असेल तर पालेभाजी जुलै सरल्यावरच काढायची. तोवर भेंडी, गवार, दोडका लावावा. जीवामृत किंवा शेणकाला द्यायचा तर मुळाशी, पानांवर नको.

खत कालवणाऱ्यांच्या हातापायांना जखम असेल तर त्यांनी त्या दिवशी हात घालू नये. शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. मोठ्यांनीही इंजेक्शन घेतलेलं असावं. लहान मुलांना ढिगाचं काम देऊच नये, त्यांना पेरणी आणि पाणी घालायला ठेवावं.

तयार खत पेरणीच्या पंधरा दिवस आधी मातीत चार-सहा बोटं खोल मिसळून द्यावं. ते वर पसरून ठेवलं आणि पाऊस लांबला तर आठवड्यात त्याचा भुसा होतो.