एसी जन्मला कागदासाठी

एसी माणसांसाठी नव्हे, कागदासाठी जन्मला! १९०२ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, रंगावर रंग नेमका बसायचा नाही. विलिस कॅरिअर या २५ वर्षांच्या इंजिनिअरने थंड पाण्याच्या नळ्यांवरून हवा खेळवायची योजना आखली. गार तांब्याला बाहेरून पाणी सुटतं ना, तसं हवेतलं पाणी नळ्यांवर सुटायचं नि हवा कोरडी व्हायची.

आपला एसीसुद्धा असंच पाणी काढतो. गेल्या जूनमध्ये आमच्या एसीची पाणी जायची नळी चिखलाने तुंबली, पाणी थेट गादीवर! दुरुस्तीवाला म्हणाला, गॅस भरा. गळती नसेल तर गॅस संपतच नाही, पण मला कुठं ठाऊक? सासूबाई नागपूरच्या, दर उन्हाळ्याआधी कूलरचा वाळा बदलायचा, टाकी घासायची, ही त्यांची जुनी शिस्त. त्या म्हणाल्या, "आधी नळी तर बघ."

आता होळीच्या सुमारास मेन स्विच बंद करून मी जाळी धुते, सावलीत वाळवते, नळीतून पाणी वाहतंय ना ते पाहते. पावसाळ्यात पुन्हा एकदा. तेव्हाच तर पाणी जास्त सुटतं.