सिक्सचा श्वास

फोर्डची आठ सिलिंडरची व्ही-एट परवडत नव्हती म्हणून पोरांनी शेवरोलेच्या सहा सिलिंडरच्या इंजिनावर हात चालवला आणि त्यातून सिक्सची ताकद वाढवण्याची विद्या जन्मली, अशी तिची कुळकथा अमेरिकेत सांगितली जाते. ती पटत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या व्ही-एट काही दुर्मीळ नव्हत्या. मग सिक्समध्ये कुणी पैसा का ओतावा? उत्तर सिलिंडरवरच्या झाकणात, म्हणजे हेडमध्ये आहे. शेवरोलेने 1929 साली 194 घनइंचांची सिक्स आणली, तिचे व्हॉल्व्ह हेडमध्ये होते. फोर्डच्या 1932 च्या व्ही-एटचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला. हवेला वळसा घेऊन आत यावं लागे आणि कॉम्प्रेशनही फार चढवता येत नसे. फोर्डवाल्यांना वरच्या व्हॉल्व्हसाठी पुढे आर्डनसारखी महागडी हेड विकत घ्यावी लागली. शेवरोलेवाल्याला तीच गोष्ट गाडीसोबतच मिळाली होती.

मात्र ती हवा येई कोंडलेल्या वाटेने. सहा सिलिंडरना आत घेणारी तोंडं तीनच, दोन बिऱ्हाडांना एक दार असावं तशी. शिवाय 1937 पासूनच्या 216 घनइंची इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला दाबाने तेल मिळत नसे, रॉडच्या टोकाचं पळीसारखं पातं ते उचलून घेई. म्हणून जाणकार युद्धातल्या जीएमसी ट्रकच्या 270 घनइंची इंजिनाकडे वळले. घडण त्याच धाटणीची, पण तेल दाबाने. वेन हॉर्निंगने बारा तोंडांचं हेड ओतलं, प्रत्येक सिलिंडरला आत-बाहेरची स्वतंत्र वाट देणारं. ज्याचा खिसा तेवढा खोल नव्हता तो एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मधोमध कापून, तोंडं वेल्ड करून दोन पाइप काढी. यात निव्वळ आवाजाची हौस नव्हती. 1-5-3-6-2-4 या क्रमाने स्फोट होतात, म्हणजे पुढच्या तिघांतला एक आणि मागच्या तिघांतला एक, आळीपाळीने. दोन पाइप दिले की एकाचा धूर दुसऱ्याच्या आड येत नाही.

वरच्या व्हॉल्व्हला एवढं महत्त्व दिलं की हडसन हॉर्नेट या सहा सिलिंडरच्या गाडीचा उलटा दाखला हमखास दिला जातो. तिचे व्हॉल्व्ह तर बाजूलाच होते, आणि तरी 1952 मध्ये अमेरिकेतल्या नॅसकार शर्यतींच्या मुख्य मालिकेतल्या 34 पैकी 27 शर्यती हडसनने मारल्या. खरं आहे; पण ते इंजिन 308 घनइंचांचं होतं, वर कंपनीनेच दोन कार्ब्युरेटर दिलेले. आकार मोठा असला की श्वासातली खोट झाकली जाते. माझ्या मते खरा पुरावा 1953 ची शेवरोले कॉर्व्हेट. साध्या शेवरोलेतली 235 घनइंची सिक्स तेव्हा फार तर 115 अश्वशक्ती देई. तीन कार्ब्युरेटर, चढा कॅमशाफ्ट, 8 ला 1 कॉम्प्रेशन आणि दुहेरी एक्झॉस्ट लावून कंपनीने त्याच आकारातून 150 काढली. गॅरेजमधला नुस्खा कारखान्याने गिरवला, दुसरं काय?

दोनच वर्षांनी शेवरोलेची नवी व्ही-एट कुठल्याही खटपटीविना 162 अश्वशक्ती देऊ लागली आणि सिक्सचा बाजार बसला, हेही कबूल. पण तिलाही व्हॉल्व्ह वरच होते आणि प्रत्येक सिलिंडरला हवेचं तोंड वेगळं होतं. हा धडा आपल्याकडेही कामाचा आहे: मुंबईत शिवडीला शेवरोलेची मालक जनरल मोटर्स 1928 पासून गाड्या जोडत असे. युद्धापूर्वीची अशी एखादी शेवरोले कुणाच्या शेडमध्ये असेल, तर तीन कार्ब्युरेटर शोधण्याआधी त्याने ऑइल पॅन उघडून बेअरिंग तपासून घ्यावीत.