सांगाव्याची किंमत

पोस्टमनने दिलेल्या कार्डाचा कोपरा फाडलेला दिसला की आजी ते घरात नेऊ द्यायची नाही. ओसरीवरच कुणीतरी ते मोठ्याने वाचायचं, मग फाडून टाकायचं, आणि एकेक जण अंगावर पाणी घ्यायला मोरीकडे जायचा. कार्डावर वर ‘श्री’ नसायचा. मजकूर चार ओळींचा: अमुक दिवशी, अमुक वेळेस, अमुक वारले, दहावा अमक्या ठिकाणी. तेव्हा कार्डाला पंधरा पैसे पडत. ज्यांच्या घरी दुःख झालेलं असे ते तीस-चाळीस कार्डं आणून ठेवत आणि शेजारचा एखादा अक्षर बरं असलेला मुलगा ती बसून लिहून देत असे. लिहिणाऱ्याने पैसे घेतल्याचं मी कधी ऐकलं नाही.

त्या कार्डाची आठवण मला दोन वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा एका वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात झाली. समोरच्या मुलाने अतिशय सौजन्याने विचारलं, “फोटोसकट, की नुसता मजकूर?” मग त्याने पट्टी काढली. घरी परतताना मनात एकच प्रश्न होता. मरणाची बातमी कळवण्याला किंमत कधी पडू लागली, आणि ती मोजायला पट्टी कुठून आली?

किंमत अगदी पहिल्यापासून होती, हे आधी कबूल केलं पाहिजे. फक्त ती देणारा वेगळा होता. पोस्ट गावोगाव पोचायच्या आधी मयताची वर्दी पायी जात असे. महाराष्ट्रातल्या गावगाड्यात ही वर्दी परगावच्या सोयऱ्यांना पोचवण्याचं काम महारांवर लादलेलं होतं. ऊन असो की पाऊस, रात्र असो की नदीला पूर, सांगावा घेऊन त्याने निघायचं. बदल्यात वतनाची तुटपुंजी जमीन आणि बलुतं. ज्याच्या पायांवर गावाचं दुःख चालत जाई, त्याला त्या घरच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता येत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं, ते अशाच वेठीविरुद्ध. ही वतनं कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावं लागलं. जुन्या काळी मरणाचा निरोप फुकट जात होता असं कुणी म्हणालं, तर तो कुणाच्या पायांनी जात होता हे त्याला विचारावं.

म्हणून मला १८७९ साल महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी जुलैमध्ये हिंदुस्थानात पोस्टकार्ड सुरू झालं. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. सरदाराच्या घरचं मरण आणि मोलकरणीच्या घरचं मरण एकाच पैशात देशभर जाऊ लागलं. कार्डावर जागा ठरलेली, दर ठरलेला, अंतर कितीही असो. मृत्यूच्या निरोपात एवढी समानता त्याआधी कधी नव्हती, आणि नंतरही फार टिकली नाही.

तारेत ती कधीच नव्हती. १८५५ पासून तारसेवा सर्वांसाठी खुली झाली, आणि तारेत पैसे शब्दांवर. दुःख पहिल्यांदा शब्द मोजून लिहिलं गेलं ते इथे. ‘कळवण्यास अत्यंत दुःख होते’ हे वाक्य तारेत परवडणारं नव्हतं. ‘वडील वारले, ताबडतोब निघा’ एवढंच. तार आली म्हणताच घरात रडारड सुरू व्हायची, आधी उघडून बघायचंही कुणाला सुचत नसे. २०१३ च्या जुलैत ही सेवा बंद झाली, पण मोजून दुःख करण्याची सवय ती मागे ठेवून गेली.

वर्तमानपत्रातल्या मरणनोंदीची कूळकथा मात्र लंडनला सुरू होते. १७३१ साली एडवर्ड केव्हने ‘जंटलमन्स मॅगझिन’ काढलं. त्यात दर महिन्याला निधन पावलेल्यांची यादी असे. नाव, हुद्दा, गाव, दिवस. ही बातमी होती. संपादकाला ती छापावीशी वाटली म्हणून छापलेली. पण त्याआधीच, १७१२ साली, राणी अ‍ॅनच्या राज्यात इंग्लंडने वर्तमानपत्रांवर मुद्रांक-कर बसवला होता आणि त्यात प्रत्येक जाहिरातीवर एक शिलिंग वेगळं. जाहिरात तीन ओळींची असो वा तीस, शिलिंग तेवढंच. हा कर वाढत वाढत १८१५ पर्यंत साडेतीन शिलिंगांवर गेला. सरकार घेणार म्हणून छापणारा घेणार, आणि छापणारा सरकारपेक्षा थोडं जास्तच घेणार. १८३३ साली कर दीड शिलिंगावर आला, १८५३ साली पूर्ण गेला. किंमत मात्र गेली नाही. तोवर जन्म, विवाह आणि मृत्यू ही पैसे भरून छापायची गोष्ट आहे, हे लोकांच्या अंगवळणी पडलं होतं.

तिथेच मरणाच्या मजकुराची दोन घरं झाली. एक मृत्युलेख, जो संपादक लिहितो आणि ज्याचे पैसे पडत नाहीत. दुसरी मरणाची जाहिरात, जी घरचे लिहितात आणि जिचे पैसे पडतात. मराठीत पहिल्या घराची परंपरा फार मोठी आहे. आगरकर १८९५ साली गेले तेव्हा ज्यांच्याशी त्यांचं उभं वैर झालं होतं त्या टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर लिहिलं. १९५६ च्या डिसेंबरात बाबासाहेब गेले तेव्हा अत्र्यांचा ‘मराठा’ महिन्याभराचाही नव्हता, पण त्यांच्या लेखणीने महाराष्ट्र रडवला. अशा लेखांना मोल नाही. पण ते कुणाच्या वाट्याला यावेत, हे संपादकाची नजर ठरवते, आणि ती नजरही चुकते. पंडिता रमाबाई १९२२ साली गेल्या. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यांच्यावर मृत्युलेख छापला तो २०१८ साली, आपल्या पानांतून राहून गेलेल्या माणसांची मालिका सुरू केल्यावर. शहाण्णव वर्षं उशीर. रमाबाईंची ही गत, तर आमच्या आळीतल्या शिवणकाम करून चार मुली शिकवणाऱ्या बाईंकडे कोण बघणार? त्यांच्यासाठी दुसरं घर, पट्टीवालं.

मुंबईत या दुसऱ्या घराला एका पत्राने फार वेगळं रूप दिलं. ‘मुंबई समाचार’ १८२२ साली फर्दुनजी मर्झबान यांनी काढलं, आणि आजही ते निघतं. त्यातल्या मरणनोंदींसाठीच ते विकत घेणारे कितीतरी गुजराती आणि पारशी लोक मुंबईत आहेत. समाजवार रकाने, त्यात उठमण्याची वा प्रार्थनासभेची जागा आणि वेळ. एक गोष्ट मला फार आवडते. गेलेली व्यक्ती बाई असेल तर तिच्या पियरपक्षाचं, म्हणजे माहेरचं नाव त्यात असतं. आपल्या मराठी नोंदीत बाई सासरच्या नावाने जाते, आणि तिच्या माहेरच्या गावाला ती गेल्याचं कळत नाही. दोन शब्दांचा तर प्रश्न आहे. पण दोन शब्दांना पैसे पडतात.

ही जाणीव मला पट्टीसमोर झाली. वर्तमानपत्रातली मोठी जाहिरात चौरस सेंटीमीटरवर मोजतात, छोटी ओळीवर. समजा दर चौरस सेंटीमीटरला दोनशे रुपये धरला. आठ सेंटीमीटर रुंद आणि दहा उंच, म्हणजे पोस्टकार्डाहूनही लहान जागा, ऐंशी चौरस सेंटीमीटर. झाले सोळा हजार. त्यावर पाच टक्के जीएसटी, आठशे. तीनशे वर्षांपूर्वीचं ते शिलिंग वेगळ्या नावाने पावतीवर असतंच. एका शहराच्या आवृत्तीचा हा हिशेब. मूळ गाव दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तिथली आवृत्ती वेगळी. खपाच्या पत्राला दर जास्त, म्हणजे जिथे छापलं तर खरोखर सगळ्यांना कळेल तिथेच छापणं परवडत नाही. आणि हे सगळं ठरवायचं कधी? देह घरात असताना, किंवा स्मशानातून परतल्यावर दोन तासांत, कारण संध्याकाळी पान लागतं. अशा वेळी घासाघीस कुणी करत नाही. गिऱ्हाईक इतकं हतबल असण्याचा दुसरा प्रसंग नाही.

मग कात्री लागते. आमच्या मजकुरातून आधी ‘निवृत्त मुख्याध्यापक’ गेलं, मग नातवंडांची नावं गेली, मग बहिणीच्या घरचं आडनाव. शेवटी ‘शोकाकुल: समस्त परिवार’ उरलं. ‘समस्त’ हा शब्द जागा वाचवायला फार सोयीचा आहे. त्यात सगळे येतात आणि कुणीच दिसत नाही. माझी बहीण त्यानंतर काही बोलली नाही, पण जाहिरातीचं कात्रण तिने ठेवलं नाही एवढं मला माहीत आहे.

कुणी म्हणेल, आता व्हॉट्सअ‍ॅप आहे, चौकात फ्लेक्स आहे. आहे, आणि लोक ते करतातच. पण फ्लेक्स आठवड्यात उतरतो आणि मोबाइलमधला निरोप फोनबरोबर जातो. वर्तमानपत्र ग्रंथालयात राहतं. मार्च २०२० मध्ये इटलीतल्या बेर्गामो शहरात कोरोनाने काय केलं, हे जगाला कळलं ते तिथल्या ‘लेको दि बेर्गामो’ या पत्राच्या पानांवरून. फेब्रुवारीत मरणनोंदींना दीड पान पुरत होतं, १३ मार्चला दहा पानं लागली. पुढच्या वर्षी गुजरातेतही तेच झालं. पत्रांतली मरणनोंदींची पानं वाढत गेली आणि सरकारी आकड्यांवर लोक उघड प्रश्न विचारू लागले. मरणनोंद हा इतिहासाचा कागद आहे. आणि ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांची नावं त्या कागदावर नाहीत. उद्या कुणी आपल्या काळाबद्दल वाचेल तेव्हा त्याला मरताना दिसतील ते सोळा हजार भरू शकणारे.

सरकारला एवढं तरी कळलं आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्याप्रमाणे एकवीस दिवसांच्या आत कळवलं तर मृत्यूची नोंद विनाशुल्क होते. पण तो दाखला वारसाच्या कपाटात जातो. शेजाऱ्याला, जुन्या विद्यार्थ्याला, तीस वर्षांपूर्वी एका खोलीत राहिलेल्या मित्राला तो कळवत नाही.

आपल्याकडच्या जिल्हा पत्रांनी आणि तालुक्याच्या वार्ताहरांनी एक चांगली रीत अजून बऱ्याच ठिकाणी राखली आहे. आतल्या पानावर ‘निधन वार्ता’ असा रकाना, त्यात चार ओळी: नाव, वय, ‘वृद्धापकाळाने निधन झाले’, ‘त्यांच्या पश्चात’ कोण कोण. ठरलेली भाषा आहे, पण तिच्यात एकही माणूस लहान-मोठा होत नाही. ती बातमी असते आणि तिचे पैसे पडत नाहीत. शहरांच्या मोठ्या आवृत्त्यांत हा रकाना आक्रसत गेला आणि त्याच्या जागी चौकटी आल्या.

मराठी दैनिकांच्या संपादकांना आणि मालकांना माझी विनंती आहे. फोटोच्या, फुलांच्या, मोठ्या चौकटींचे पैसे जरूर घ्या. पण ज्या गावात तुमचं पत्र विकलं जातं, त्या गावातल्या प्रत्येक मृताला तीन ओळी विनामूल्य द्या: नाव, वय, काम, आणि बाई असेल तर माहेर. मृत्यूचा दाखला दाखवला की छापा, कुणाची शिफारस मागू नका. एक पैशाच्या कार्डाने जे एकदा करून दाखवलं, तेवढंच मागतो आहे.