१ जुलै १९९८, वाशीम : एका पेशीच्या आत

तुम्ही वाशीम स्टेशनवर उभे आहात. मीटरगेजची गाडी नुकतीच अकोल्याच्या दिशेनं गेलीय. पावसाची सर येऊन गेल्यानं काळ्या मातीचा वास सुटलाय. आज १ जुलै १९९८. अकोल्यातून निघून वाशीम आजपासून स्वतंत्र जिल्हा झालाय.

बाकावर एक तरुण बसलाय. अंगात कणकण आहे, मानेला गाठी आल्यात. पावसाळी ताप असेल, असं त्याला वाटतं. हा तरुण माझ्या कल्पनेतला आहे, पण त्याच्या रक्तात चाललेलं सगळं खरं आहे.

आता लहान व्हा, खूप लहान. त्याच्या एका सीडी-४ पेशीत, म्हणजे एका पांढऱ्या रक्तपेशीत, उतरा. समोरून शंकूसारखी एक कुपी येतेय. सुमारे १५०० प्रथिनांनी विणलेली ही एचआयव्हीची कॅप्सिड. आत आरएनएच्या दोन प्रती आहेत, प्रत्येकी ९ हजारांहून थोड्या अधिक अक्षरांच्या. न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनं त्यांना इतकी बिलगलीत की उघडा धागा जवळजवळ दिसतच नाही.

इथे जरा थांबा. या आरएनएवरून डीएनए लिहायचाय. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज हे विकर तयार आहे, पण कोऱ्या जागेवर पहिलं अक्षर त्याला टाकता येत नाही. दूध कितीही असलं तरी विरजणाशिवाय दही लागत नाही, तसंच. मग विरजण कुठलं? नीट बघा : धाग्याला एका ठिकाणी एक छोटा रेणू चिकटलाय, बरोबर १८ अक्षरांनी. हा विषाणूचा नाही, माणसाचा आहे. आपल्या पेशी प्रथिनं घडवताना लायसिन हे अमिनो आम्ल वाहून आणायला जो टीआरएनए वापरतात, तोच. मागच्या पेशीतून निघताना विषाणूनं तो सोबत घेतला होता. त्याची घट्ट घडी उलगडून त्याला जागेवर बसवायलाही न्यूक्लिओकॅप्सिडच लागलं. मला या साऱ्या प्रवासात हाच क्षण सर्वांत अस्वस्थ करतो.

लेखन सुरू होतं. चुका होतात आणि त्या तपासणारं कुणी नाही, म्हणून प्रत्येक प्रत थोडी वेगळी निघते. केंद्रकात एलईडीजीएफ नावाचं पेशीचंच प्रथिन विषाणूच्या इंटिग्रेज या सांधणाऱ्या विकराला आपल्या चालू जनुकांपाशी नेतं, आणि नवा डीएनए आपल्या डीएनएत सांधला जातो.

दुसरा दिवस उजाडतो. नवा आरएनए निघू लागतो, पण जरासा लिहून पेशीचं आरएनए लिहिणारं यंत्र अडखळतं. त्या आखूड तुकड्याच्या टोकाला केसांतल्या आकड्यासारखं वळण आहे. विषाणूचं टॅट प्रथिन त्या वळणाला धरतं आणि पेशीच्या सायक्लिन टी-१ला तिथे ओढून आणतं. अडखळलेलं यंत्र धावायला लागतं. पुढे न कापलेला लांब आरएनए केंद्रकाबाहेर काढायचा असतो. एरवी पेशी तो सोडत नाही. विषाणूचं रेव्ह प्रथिन त्याला धरून पेशीच्याच सीआरएम-१ या वाहकाच्या हवाली करतं.

बाहेर पेशीद्रवात आरएनएची नुसती गर्दी. त्यातून विषाणूचं गॅग प्रथिन जस्ताचे अणू धरलेल्या आपल्या दोन गाठींनी विषाणूच्याच आरएनएची जोडी ओळखून काढतं. सोबत लायसिनवाला टीआरएनए बांधून घेतला जातो, पुढच्या घरासाठीचं विरजण.

स्टेशनवर या. त्या काळी या आजाराचं नाव निघालं की लोक चारित्र्यावर बोट ठेवत. तुम्ही आत्ता इतक्या जवळून पाहिलंत. तिथे चारित्र्य कुठेच नव्हतं. रेणूला रेणू धरत होता, एवढंच.

आता पुढे चला, भरभर. १ एप्रिल २००४ : सरकारी रुग्णालयांत एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला रोखणाऱ्या औषधांच्या, गोळ्या मोफत मिळायला सुरुवात. २००८ : रूळ ब्रॉडगेज. आणि आज. तो माणूस पन्नाशीकडे झुकलाय, सोयाबीनच्या पेरणीवरून घरी आलाय. जेवण झाल्यावर तो एक गोळी घेतो. तिच्यातली टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन खोटी अक्षरं बनून लेखनात शिरतात. त्यांच्यापुढे दुसरं अक्षर जोडता येत नाही, ओळ तिथेच तुटते. डोल्युटेग्राविर इंटिग्रेजला सांधा करू देत नाही. रक्ततपासणीत विषाणू सापडत नाही.

झोपण्याआधी एकदाच पुन्हा आत डोकावा. हाडाच्या मगजात एक स्मृतिपेशी निजलीय. १९९८ सालच्या त्या पावसाळ्यातला डीएनए तिच्यात जसाच्या तसा आहे. पेशी निजलेली म्हणून सायक्लिन टी-१ही बेताचंच. यंत्र चार अक्षरं लिहायला बघतं आणि अडखळून थांबतं. माणूस कूस बदलतो. उद्या रात्री जेवणानंतर पुढची गोळी.