एक मेल सर्व्हर, अनेक डोमेन : वापरकर्त्यांची खाती आणि अलियास कसे सांभाळावेत?

ई-मेल पत्त्यात ‘@’ या चिन्हाच्या उजवीकडे जे असते ते डोमेन, म्हणजे संस्थेचे नाव. डावीकडे असते ते त्या संस्थेतल्या व्यक्तीचे किंवा पदाचे नाव. एकच मेल सर्व्हर अनेक संस्थांची डोमेन सांभाळू शकतो. छोट्या संस्थांना स्वतंत्र सर्व्हर परवडत नाही, त्यामुळे ही पद्धत सर्रास वापरली जाते. मात्र कोणते खाते कोणाचे आणि कोणता पत्ता कुठे पोहोचतो, हे सुरुवातीलाच ठरवावे लागते. ते ठरले नाही तर माणूस बदलतो आणि त्याच्याबरोबर कार्यालयाचा पत्रव्यवहारही निघून जातो.

खाते आणि अलियास यांत फरक काय?

खात्याला स्वतःची पेटी (मेलबॉक्स), पासवर्ड आणि साठवणुकीची मर्यादा असते. अलियासला यातले काहीच नसते. तो फक्त एक दुसरा पत्ता असतो. त्यावर आलेला मेल सर्व्हर ठरवून दिलेल्या खात्यात टाकतो.

गडचिरोली जिल्ह्यातले एक उदाहरण घेऊ. तालुक्याचे नाव देसाईगंज आहे, पण तिथले रेल्वे स्थानक आणि वनविभाग ‘वडसा’ या नावाने ओळखले जातात. लोक दोन्ही नावे वापरतात. तिथल्या एखाद्या संस्थेने ‘वडसा@’ हे खाते उघडले, तर ‘देसाईगंज@’ हा त्याचा अलियास ठेवावा. पेटी एक आणि पत्ते दोन, त्यामुळे कोणाचेही पत्र चुकत नाही. चंद्रपूर-चांदा यांचेही तसेच आहे. जिल्ह्याचे नाव बदलले, तरी ‘मध्य चांदा’ वनविभागात जुने नाव टिकून आहे. नाव बदलले तरी जुना पत्ता बंद करू नये, तो अलियास म्हणून चालू ठेवावा.

अनेक डोमेन असतील तर

समजा, चंद्रपुरातील एका सर्व्हरवर तीन डोमेन आहेत : एक महाविद्यालय, एक सहकारी संस्था आणि ग्रामसभांचा एक महासंघ. तिन्हीकडे ‘सचिव’ हे पद आहे. सर्व्हरने फक्त ‘सचिव’ एवढ्यावरून खाते ओळखले, तर एकाची पत्रे दुसऱ्याला जातील. म्हणून लॉगिनचे नाव नेहमी पूर्ण पत्ता असावे, फक्त डावीकडचा भाग नको.

पोस्टफिक्स हा प्रचलित मेल सर्व्हर १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. पेट्या सांभाळण्यासाठी त्याच्या जोडीला बहुधा डोव्हकॉट वापरतात. पोस्टफिक्समध्ये अशी डोमेन दोन प्रकारे नोंदवता येतात. ज्या डोमेनवर प्रत्यक्ष पेट्या असतील ते एका यादीत जाते. ज्या डोमेनचे सगळे पत्ते केवळ दुसरीकडे वळवायचे असतील ते दुसऱ्या यादीत जाते. एकच डोमेन दोन्ही याद्यांत टाकू नये. पेट्यांच्या डोमेनवरही अलियास करता येतात, त्यासाठी त्याला दुसऱ्या यादीत नेण्याची गरज नसते.

नावाचा पत्ता की पदाचा?

सर्वात महत्त्वाचा निर्णय हाच आहे. राज्याच्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्यानुसार शासकीय अधिकाऱ्याचा एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाल तीन वर्षांचा आहे. म्हणजे वनपरिक्षेत्र कार्यालयात आज बसलेला अधिकारी काही काळाने तिथे नसेल, पण नागरिकाचा अर्ज त्या पदाकडे केलेला असतो.

ग्रामसभांचेही असेच आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ग्रामसभेला एप्रिल २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. त्यानंतर गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. अशा व्यवहारात दरपत्रके, करारनामे आणि वन विभागाशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवावा लागतो. हे सगळे एखाद्या कार्यकर्त्याच्या खासगी मेलमध्ये असेल आणि तो काम सोडून गेला, तर खरेदीदाराशी वाद झाल्यावर गावाच्या हातात कागद उरत नाही.

यावर अनेक जण ‘सचिव@’ हा अलियास करून तो सध्याच्या सचिवाच्या खात्याकडे वळवतात. हा उपाय अर्धाच आहे. सचिव बदलल्यावर अलियास नव्या व्यक्तीकडे वळवला की नवे मेल तिच्याकडे जातात, पण जुने सगळे मेल आधीच्या व्यक्तीच्या पेटीतच राहतात. अलियास पत्ता सोपवतो, इतिहास सोपवत नाही.

म्हणून साधा नियम असा :

- ज्या पदाच्या पत्रव्यवहाराची नोंद पुढे लागणार आहे, त्याला स्वतःची पेटी द्यावी.
- ज्या पत्त्यावर फक्त चौकशा किंवा सूचना येतात, त्याला अलियास पुरेसा आहे.
- व्यक्तीचे नावाचे खाते वेगळे ठेवावे. ते तिच्याबरोबर राहते.

केंद्र शासनाच्या २०१५ मध्ये अधिसूचित झालेल्या ई-मेल धोरणातही पदाचा पत्ता पुढच्या अधिकाऱ्याकडे सोपवण्याची तरतूद होती.

पदाच्या पेटीचा एकच पासवर्ड चार जणांत वाटू नये. कोणी काय पाठवले किंवा पुसले, हे मग कळत नाही. डोव्हकॉटमध्ये एक पेटी अनेक खात्यांना वापरू देता येते. प्रत्येक जण आपल्या पासवर्डने आत येतो आणि बदली झाली की फक्त त्याचा प्रवेश काढावा लागतो.

अलियास करताना घ्यायची काळजी

*पाठवण्याची परवानगी :* अलियास मुळात मेल स्वीकारण्यासाठी असतो. त्या पत्त्यावरून उत्तर पाठवायचे असेल, तर कोणते खाते कोणत्या पत्त्याने पाठवू शकते याची यादी सर्व्हरवर करावी. नाहीतर कोणतेही खाते ‘अध्यक्ष@’ म्हणून पत्र पाठवू शकेल.

*सर्व काही स्वीकारणारा पत्ता :* डोमेनवरचा कोणताही चुकीचा पत्ता एका पेटीत टाकण्याची सोय असते, तिला कॅच-ऑल म्हणतात. ती टाळावी. तिच्यामुळे स्पॅमचा ढीग साचतो आणि पत्ता चुकला हे पाठवणाऱ्याला कळतही नाही. अस्तित्वात नसलेला पत्ता सर्व्हरने दारातच नाकारावा.

*बाहेरच्या खात्याकडे वळवणे :* अलियास जीमेलसारख्या बाहेरच्या खात्याकडे वळवला, तर मेल नाकारला जाऊ शकतो. कोणत्या सर्व्हरला आपल्या नावाने मेल पाठवता येईल, हे डोमेन एसपीएफ नोंदीत जाहीर करते. पुढे ढकलणारा तुमचा सर्व्हर मूळ पाठवणाऱ्याच्या यादीत नसतो. मजकूर न बदलता ढकलला, तर डीकेआयएम ही डिजिटल सही सहसा टिकते, पण प्रत्येक पाठवणारा ती करतोच असे नाही. मेल आपल्याच पेटीत ठेवून मोबाइलवर तिथून वाचणे अधिक खात्रीचे.

*राखीव पत्ते :* प्रत्येक डोमेनवर ‘पोस्टमास्टर’ हा पत्ता चालू असणे मेलच्या नियमांनुसार आवश्यक आहे. तिन्ही डोमेनचे पोस्टमास्टर एकाच व्यवस्थापकाकडे वळवता येतात. अलियासचे हे उत्तम उदाहरण आहे.

एकाची चूक, सगळ्यांना त्रास

एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदी प्रत्येक डोमेनसाठी स्वतंत्र कराव्या लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी याबाबतचे नियम कडक केले आहेत. सर्व्हरचा आयपी पत्ता मात्र बहुधा सामाईक असतो. महाविद्यालयातल्या एका खात्याचा पासवर्ड चोरीला गेला आणि त्यातून हजारो स्पॅम गेले, तर ग्रामसभेचे दरपत्रकही खरेदीदाराच्या स्पॅममध्ये पडू शकते. म्हणून प्रत्येक खात्याला तासाला किती मेल पाठवता येतील याची मर्यादा घालावी.

माणूस गेल्यावर काय करावे?

१. त्याच दिवशी पासवर्ड बदलावा आणि मोबाइल व संगणकावरचे चालू लॉगिन तोडावेत.

२. पदाच्या पेटीतला प्रवेश काढून नव्या व्यक्तीला द्यावा.

३. त्याच्या नावाकडे वळणारे सगळे अलियास तपासावेत. खाते गेले आणि अलियास राहिला, तर मेल परत जाऊ लागतात.

४. खाते लगेच पुसू नये. आधी बंद करावे, गरजेची पत्रे जतन करावीत, मग पुसावे.

५. तोच पत्ता त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाला देऊ नये. जुन्या माणसाचे बँकेचे किंवा इतर संकेतस्थळांचे मेल त्याच्या हाती पडतील.

खाते कोणाचे, अलियास कुठे वळतो आणि तो कोणी, कधी मंजूर केला, याची एक वही किंवा तक्ता ठेवावा. डोमेनची नोंदणी संस्थेच्या नावावर असावी, सर्व्हर लावून देणाऱ्या तंत्रज्ञाच्या नव्हे. नूतनीकरण चुकून डोमेन दुसऱ्याने घेतले, तर त्यावरचे सगळे पत्ते त्याचे होतात. मग खाती कितीही नीट लावलेली असली, तरी उपयोग नसतो.