दिल्लीचा हातोडा आणि चांदीचा वर्ख

अबुल फजलाने ‘आईन-इ-अकबरी’त बादशाही टांकसाळीचा जो तपशील नमूद करून ठेवला आहे, त्यात दारोगा, अमीन, मुशरिफ या अंमलदारांच्या पाठोपाठ, हिणकस सोन्याचे सहा-सात माशांचे पत्रे ठोकणारा वर्राक येतो, आणि शुद्ध केलेली चांदी तापवून, शिशाचा वास जाईपर्यंत तिला कुटणारा कुर्सकोबही येतो; आणि अकबराचे रुपये ज्या शहरांत पडत त्यांत दिल्लीचेही नाव आहे. इतिहासकाराची दृष्टी रुपयावरील नावाकडे आणि सनाकडे जाते, त्या रुपयाची चांदी कुटणाऱ्या हाताकडे क्वचितच वळते. ही मला आपल्या इतिहासलेखनातील मोठी उणीव वाटते. 1760 साली भाऊसाहेबांनी लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवून तिची नाणी पाडली, हे आपल्याकडे शाळकरी मुलासही ठाऊक असते. ते छत ज्यांनी घडविले त्यांची विचारपूस मात्र कोणी केली नाही.

चांदी कुटण्याच्या या विद्येची परिसीमा म्हणजे वर्ख. जुन्या दिल्लीत, चांदणी चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांतून, मिठाईवर, विड्यावर आणि हकिमांच्या औषधांवर चढणारा हा वर्ख पिढ्यान्‌पिढ्या हातानेच कुटला गेला. चांदी वितळवून तिची पातळ पट्टी करावयाची, पट्टीचे लहान तुकडे पाडावयाचे, एकेक तुकडा झिल्लीच्या दोन पानांमध्ये ठेवून अशा अनेक पानांची चोपडी बांधावयाची, तिला जाड चामड्याचे वेष्टन घालावयाचे, आणि मग ती दगडावर ठेवून जड हातोड्याने तासन्‌तास कुटावयाची, असा हा क्रम आहे. घाव मध्यावरून कडेकडे सरकत जावा लागतो, चोपडी फिरवीत राहावी लागते, आणि घाव एकदा तिरपा पडला की वर्ख फाटतो. झिल्लीचे काम असे की तिने घाव सर्वत्र सारखा पसरवावा आणि चांदीला चिकटू नये. या दोन गुणांसाठीच जनावराच्या आतड्याची किंवा कातड्याची झिल्ली पसंत केली जात असे.

किती पातळ? अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2016 सालच्या नियमात खाण्याच्या वर्खाचे वजन चौरस मीटरला 2.8 ग्रॅमपर्यंत असावे असे म्हटले आहे. चांदीच्या घनतेने भागले असता ही जाडी सुमारे 0.27 मायक्रॉन निघते. दशांश मिलिमीटर जाडीच्या पट्टीपासून आरंभ झाला असे धरले, तर जाडी सुमारे पावणेचारशे पटींनी उतरते.

धातू थंड असताना त्याला असे पराकोटीचे विरूप केले म्हणजे त्याच्या स्फटिककणांच्या आत दोषरेषांची गर्दी होते, त्या रेषांच्या भिंती उभ्या राहतात, आणि एका कणाचे अनेक लहान कण होतात. कण जितके लहान तितका धातू बळकट, हे हॉल यांनी 1951 साली आणि पेच यांनी 1953 साली नियमबद्ध करून दाखविले. तथापि कुटण्याच्या रीतीत एक अडचण अंगभूतच आहे: विरूपण वाढेल तसतशी वस्तूच संपत जाते, आणि वर्खाचा पूल बांधता येत नाही. धातूचा आकार न घालवता त्याला पुनःपुन्हा विरूप कसे करावे, या प्रश्नाला हार्वर्डच्या पर्सी ब्रिजमन यांनी 1930 च्या दशकात प्रचंड दाबाखाली धातूची चकती पिळून एक उत्तर दिले. दुसरे उत्तर 1970 च्या दशकात मिन्स्क येथे व्लादिमिर सेगल यांनी दिले. त्यांनी धातूची कांब काटकोनात वळणाऱ्या नळीतून दाबून काढली. ती वळणावर कातरली जाते, परंतु तिची जाडी तीच राहते, म्हणून तिला वाटेल तितक्या वेळा त्याच मार्गाने नेता येते. पुढे उफा येथील रुस्लान वालियेव यांनी या पद्धतींनी एका मायक्रॉनहून लहान कणांचे धातू तयार करण्याचे शास्त्र प्रस्थापित केले.

येथे कोणी मेहरौलीच्या लोहस्तंभाचे नाव घेईल. गुप्तकाळातील तो सहा टनांहून अधिक वजनाचा स्तंभ निःसंशय घणाचे कर्तृत्व आहे. परंतु त्याचे लोखंड लाल तापवून, गोळ्यास गोळा जोडून ठोकलेले आहे, आणि त्या उष्णतेत कण पुन्हा नव्याने घडतात व वाढतात. सूक्ष्म कणांच्या विद्येची दिल्लीतील खूण शोधावयाची तर ती त्या भव्य स्तंभापाशी नव्हे, गल्लीतील थंड चांदीवरच्या हातोड्यापाशी शोधावी लागेल, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या कारागिराला बळकट धातू नको होता, त्याला केवळ पातळपणा हवा होता, हे खरे. तरी धातू न तुटता किती सोसतो याचे ज्ञान त्याच्या मनगटात होते.

2016 च्या त्याच नियमाने वर्खाच्या निर्मितीत प्राणिजन्य वस्तूंचा वापर निषिद्ध ठरविला. शाकाहारी व जैन ग्राहकांचा आक्षेप रास्त होता, आणि वर्ख आता यंत्रावर, कृत्रिम पानांमध्येही कुटला जातो. झिल्ली जावी, याबद्दल दुमत नाही. परंतु तिच्याबरोबर घावाची लय, चोपडी फिरविण्याची रीत आणि फाटण्यापूर्वी हात आवरण्याची जाण हीही बेदखल होऊ नयेत. दिल्लीत धातुशास्त्र शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी एखादी सुट्टी चांदणी चौकात घालवून, जे वृद्ध कारागीर अद्याप हातात हातोडा धरतात त्यांच्याकडून हा सारा तपशील लिहून घ्यावा, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.